राखणदाराचं मडकं

आमच्या घरात स्वस्थ बसणं कोणालाच जमत नसे. आई म्हणायची, बापाच्या पायाला भिंगरी आहे तशीच लेकीच्याही आहे, फक्त बाप वर जातो आणि लेक रस्त्याने जाते. बाबा माडावर चढत. त्यांचे वडील चढत, आजोबाही चढत. नागावला समुद्रापासून थोडी आत आमची लहानशी वाडी होती आणि तिच्यातले निम्मे माड नारळासाठी नव्हते, माडीसाठी होते. माडाच्या फुलोऱ्याची कोवळी पोय बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, रोज तिचं टोक पातळ कापायचं आणि खाली मडकं अडकवायचं. रात्रभर त्यात थेंब थेंब रस साठतो. पहाटे तो गोड असतो, ऊन चढलं की फसफसायला लागतो आणि त्याची माडी होते. एवढं साधं काम होतं, आणि ते सोडून बाबांना दुसरं काहीही येत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत दारूबंदी आली आणि सगळ्या किनाऱ्यावरची मडकी खाली उतरली. बाबांनी कोयती धुवून, तेल लावून आढ्याला खोचून ठेवली. मग त्यांनी काय काय करून पाहिलं. एक हंगाम उरणला मिठागरावर गेले आणि तळपाय फुटून परत आले. थळच्या एका होडीवर गेले, तर पहिल्याच दिवशी त्यांना उलट्या झाल्या. ज्या माणसाला वादळात माड झुलताना कधी घेरी आली नाही त्याला समुद्राने आडवं केलं, यावरून आळीतल्या लोकांनी त्यांची बरीच थट्टा केली. बाबाही हसले. पण घरी आल्यावर ते दिवसभर वाडीतून फेऱ्या मारत. मान वर करून एकेका माडाकडे पाहत, पुढच्या माडाकडे जात, परत येत. त्यांचं ते चालणं बघून माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हटलं, "बाबा, बसा ना जरा." ते म्हणाले, "बसून काय करू, बाय?" मलाही कुठे बसता येत होतं! मी सातवीची फायनल पास होऊन घरी होते. येईल त्या स्थळाला नकार देत होते आणि आईच्या शिव्या खात होते.

अशात एक दिवस सायकलवरून एक माणूस आला. खादीचा सदरा, पायात टायरच्या वहाणा, डोक्यावर टोपी. कुठल्याशा ग्रामोद्योगाच्या संस्थेचा तो संघटक होता आणि देशावरून आला होता. आळीतल्या सगळ्या माडवाल्यांना त्याने आमच्या अंगणात जमवलं आणि सांगितलं की बंदी माडीला आहे, नीरेला नाही. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही. ती नीरा सूर्य उगवायच्या आत उतरवायची, बर्फावर ठेवायची आणि सकाळीच विकायची. अलिबागेत विकायची, पुढे रेवसच्या लाँचने मुंबईला न्यायची. उरलेल्या नीरेचा गूळ करायचा. सरकार परवाना देईल, संस्था डबे देईल, बर्फ देईल, विक्रीचं केंद्र उघडून देईल. तो बोलत असताना हात असे हलवत होता की त्याच्या बोटांतून गुळाच्या ढेपा खाली पडतील असं वाटावं.

कोणीतरी विचारलं, "म्हंजे माडावर चढायचा?"

"चढायचं," संघटक म्हणाला.

बाबांनी पुढचं काही ऐकलं नाही. ते उठून घरात गेले आणि आढ्याची कोयती काढून घेऊन आले. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मी त्या परक्या माणसाला न विचारताच दोनदा चहा दिला.

परवाना एका हंगामापुरता होता, आणि तोही फक्त आमच्या वाडीचा. आधी पाहू, नीट चाललं तर कायमचा करू आणि आळीतल्या बाकीच्या माडवाल्यांनाही देऊ, असं ठरलं होतं. म्हणजे आमच्या एका घरावर सगळी आळी डोळे लावून बसली होती. केंद्र रस्त्याच्या कडेला, झावळ्यांच्या छपराखाली. काउंटरवर मी. संघटकाला लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती आणि मला घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं. आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मला पहाटे उठवलं.

माडांवर डांबराने नंबर घालायला संघटक स्वतः आला. बाबा पुढे, तो डांबराचा डबा घेऊन मागे. सगळं सुरळीत चाललं होतं. वाडीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडे, एक जुना उंच माड आहे. तिथे बाबा थांबले.

"हा नको," ते म्हणाले. "हा राखणदाराचा हाय."

आमच्याकडे प्रत्येक वाडीला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण वाडी त्याची, आपण नुसते कसणारे. एक माड त्याच्या नावाचा असतो. त्या माडाचं मडकं भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की, त्याच्याच मुळात ओतायचं, आणि ते माडी झालेलंच असायला हवं. बंदीच्या वर्षांत बाबांनी तिथे नारळ फोडला, पाणी ओतलं, पण त्यांचं समाधान कधी झालं नाही. घरात कोणाला ताप आला तरी ते त्या कोपऱ्याकडे बघत.

संघटक काही वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मग त्यांनाही नीराच पाजा. आरोग्याला चांगली असते." आणि त्या माडावरही नंबर घातला, कारण सगळ्यात जास्त रस तोच माड देणार असं त्याने आळीत ऐकलं होतं आणि त्याला प्रत्येक लोटा हवा होता. बाबा मुकाट पुढच्या माडाकडे निघाले. गप्प बसलेल्या बाबांची मला नेहमी भीती वाटे.

थोडे दिवस त्यांनी त्या मडक्यालाही चुना लावला. मग एका सकाळी ते कमरेला भोपळ्याचा तुंबा बांधून उतरले, बाकी सगळी नीरा डब्यात ओतली आणि राखणदाराच्या माडाचं मडकं बाजूला नेऊन विहिरीजवळच्या कढीपत्त्याच्या सावलीत टांगलं.

"बाबा, ते?"

"चुन्याचा तेला चालत न्हाय. तोंड वाकडा करतो."

"कोण बघायला गेलंय तोंड?"

"मी बघतो रोज," बाबा म्हणाले आणि कामाला लागले.

आई देवासमोर हात जोडून बसली, हे मडकं कोणा शिपायाच्या नजरेला पडू नको दे म्हणून. मी वैतागले. एवढी वर्षं वाट पाहून माड परत मिळाले आणि हा माणूस एका मडक्यासाठी सगळं पणाला लावतोय. मी भांडले. बाबांनी ऐकून घेतलं, आणि दुपारी ते मडकं मुळात ओतलं. येताना त्यांच्या चेहऱ्यावर बंदीनंतर पहिल्यांदाच थोडी स्वस्थता दिसली. त्यानंतर मी भांडण सोडून दिलं, पण दुपार होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे. ते मडकं एकदाचं रिकामं झालं की मी जेवायला बसे.

केंद्र मात्र जोरात चाललं. अलिबागचे वकील, मास्तर, कचेरीतले कारकून सायकली मारत येत. नीरा पिऊन पोट साफ होतं, डोळे निवतात, असं एकमेकांना सांगत आणि दुसरा गिलास मागत. संघटक प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघत उभा असे. त्याच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी चालत. बाटल्या आणायच्या, गुळाची भट्टी घालायची, आक्षी-रेवदंड्यापर्यंत केंद्रं काढायची. आमच्याकडे जेवताना तो हे बोले आणि घास हातात तसाच राही. आई म्हणायची, तुम्ही तिघं एकाच जातीचे आहात. तिला बाबा, मी आणि तो असे तिघं अभिप्रेत असत.

हंगाम सरता सरता दारूबंदी खात्याचे वरचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. ते आमचं काम बघणार, नीरा चाखणार आणि कायमच्या परवान्याचं ठरवणार. आळीने आमचं अंगण शेणाने सारवलं, जणू लग्नच होतं. रस्त्यावर पाणी मारलं. संघटकाने अलिबागहून भुशात गुंडाळलेला जादा बर्फ आणला. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि पहाटेच सगळे माड उतरवले.

सकाळ झाली. रोजची गिऱ्हाइकं येऊन गेली. साहेबांसाठी काढून ठेवलेला डबा बर्फावर होता. जीप आली नाही. संघटक रस्त्याच्या वळणापर्यंत जाई, परत येई, डब्याचं झाकण उघडून वास घेई, परत जाई. बाबा वाडीत फेऱ्या मारत होते. मी गिलास धुतले, पुसले, परत धुतले. ऊन चढलं, बर्फाचं पाणी झालं. जीप नाहीच. शेवटी संघटकाने डबा नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आंबतेय," तो म्हणाला.

"अजून गोड लागेल," मी म्हटलं. "ते आत्ता येतीलच."

"वेळ उलटून गेली, ताई. आता ही नीरा म्हणून द्यायची नाही." आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळा डबा गटारात ओतला. आळीतल्या बायका बघत राहिल्या. मी त्या वेळी त्याला मनातल्या मनात जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

जीप आली तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. वाटेत चाक बसलं होतं. साहेब जाडे, घामाने चिंब, रुमालाने मान पुसत उतरले. अंगणात खुर्ची होती तिच्यात बसले आणि म्हणाले, "आधी ती तुमची नीरा द्या. घसा कोरडा पडलाय."

संघटकाने हात जोडून सांगितलं की नीरा संपली, नियमाप्रमाणे टाकून दिली. चहा सांगतो.

"नीरा केंद्रात नीरा नाही?" साहेब हसत म्हणाले. पण ते हसू कोणालाच धड वाटलं नाही. आळीतली माणसं कुंपणाशी उभी होती, त्यांच्यात चुळबूळ झाली. आणि बाबा उठले.

ते कुठे चालले हे मला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं. मी मागे धावले. विहिरीपलीकडे ते राखणदाराच्या माडाखाली उभे होते. मडकं काढून हातात घेतलं होतं आणि माडाच्या बुंध्याशी बोलत होते, शेजाऱ्याशी बोलावं तसं. दारात पाहुणा आलाय, तहानलाय, घरात दुसरं काही नाही. आज तुझ्यातलं त्याला देतो.

"बाबा, नको," मी त्यांचा हात धरला. "ही माडी झालीय. साहेब आहेत ते."

"पावना हाय. तहानलाय."

"अहो, परवाना जाईल."

"मी तेला इचारलाय, बाय. तो व्हय म्हनाला." त्यांनी माझा हात अलगद सोडवला. मला ढकललं असतं तर मी मडकं हिसकावून घेतलं असतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी बाजूला झाले. हा आमच्या वाडीतला सगळ्यात मोठा मान होता. बाबांनी तो आजवर कोणाला, सोयऱ्यालासुद्धा, दिला नव्हता.

साहेबांनी पितळी तांब्यातून तो पांढरा फेसाळ रस प्यायला. पहिला घोट घेतला आणि थांबले. बाबांकडे पाहिलं. मग सबंध तांब्या संपवला, डोळे मिटले आणि हलकेच विचारलं, "आणखी आहे?"

बाबांनी उरलेलं ओतलं. साहेबांनी तेही घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "उत्तम. फार वर्षांनी असं काही प्यालो." त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगेन, पहिल्या घोटालाच कळलं होतं. आणि ते गप्प राहणार होते. ते कागद मागत होते, सही करायला पेन काढत होते. कुंपणाशी कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला.

तेवढ्यात संघटकाने ते मडकं उचललं, वास घेतला आणि खाली ठेवलं. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्याने मला पाहिलंही.

"साहेब," तो म्हणाला, "ही नीरा नव्हे. ही माडी आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना राग आला होता, पण तो बाबांवर नव्हता. "मी काही विचारलं होतं का तुम्हाला?" ते संघटकाला म्हणाले. "आता तुम्ही बोललात. चार माणसांसमोर बोललात. आता मला ऐकावं लागलं."

त्यानंतर बरंच बोलणं झालं. संघटकाने हात जोडले, चूक माझी म्हणाला, देखरेख माझी म्हणाला. साहेब वाईट नव्हते. खटला नाही, पोलिसांना कळवणं नाही. केंद्र राहील, परवाना कायम होईल, आळीतल्या सगळ्यांना माड मिळतील. फक्त ज्याच्या वाडीत चुन्याविना मडकं सापडलं तो माणूस पुन्हा माडावर चढणार नाही, त्याचे माड दुसऱ्याने उतरवायचे, आणि त्या कोपऱ्यातल्या माडाची पोय बांधायचीच नाही. साहेब निघताना बाबांच्या समोर क्षणभर उभे राहिले. मग जीपमध्ये बसले.

रात्री मी संघटकाला जेवायला वाढलं नाही. ताट आईने वाढलं. मी दारातून म्हटलं, "तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचं काय गेलं असतं?" त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "मला येत नाही, ताई." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला त्याची जराही दया आली नाही.

बाबाच म्हणाले, "जेवू दे तेला. खरा बोलला तो. मना पन दुसरा काय येत न्हाय, तेला पन न्हाय."

मला त्या दोघांचाही राग आला. आजही येतो. एकाला राखणदाराशी लबाडी करता आली नाही, दुसऱ्याला सरकारशी. आणि दोघांच्या मधे, कोणाशीही हवी तेवढी लबाडी करायला तयार असलेली मी, नुसती उभी राहिले.

पुढच्या हंगामापासून केंद्र वाढलं. संघटक जे जे बोलला होता त्यातलं पुष्कळ झालं. आळीतली सगळी माणसं परत माडावर गेली, मिठागरावर आणि गिरणीत गेलेली दोघं-तिघं घरी आली. गुळाची भट्टी पेटली आणि बायकांना काम मिळालं. नीरेचे डबे रेवसच्या लाँचवर चढू लागले. मी काउंटरवरून हिशेबावर, हिशेबावरून तीन केंद्रांच्या देखरेखीवर गेले. तरी सकाळी नागावच्या काउंटरवर मीच उभी राहायची. आमच्या वाडीतले माड शेजारचा माणूस उतरवायचा. बाबा खाली उभे राहून, तो नको म्हणत असताना, त्याला पोय कशी धरायची ते सांगायचे. मग त्याचंही त्यांच्यावाचून चालू लागलं. बाबांच्या फेऱ्या परत सुरू झाल्या, मान वर करून, एका माडाकडून दुसऱ्या माडाकडे.

राखणदाराचा माड मोकळा राहिला. त्याला नारळ धरले. बाबांनी एकही उतरवला नाही.

एका सकाळी पाहते तर ते केंद्रासमोरच्या ओळीत उभे, हातात घरचा पितळी तांब्या. आमच्या घरात ते नीरा तोंडाला लावत नसत, गोडमिट्ट पाणी म्हणत. मी म्हटलं, "बाबा, मी घरी आणली असती." ते म्हणाले, "तुझ्या हातून घरात नको. सगल्यांसारखी घेतो." त्यांचा नंबर आल्यावर मी तांब्या भरला. तो घेऊन ते घरी गेले आणि कढीपत्त्याच्या सावलीत ठेवून दिला. भर दुपारी त्यांनी तो विहिरीपलीकडच्या मुळात ओतला. आई त्यांना बोलवायला गेली होती, तिने ऐकलं. ते म्हणत होते, "चुन्याचा हाय. माझ्या हातचा पन न्हाय. तरी घे."

त्यानंतर रोज आले. पावसाळ्याचे महिने सोडून, कायम. त्यांचे गुडघे धरेपर्यंत आले. केंद्राचा व्याप वाढत गेला तशी ओळ लांबत गेली. नवी गिऱ्हाइकं त्यांना ओळखत नव्हती. बाबा तांब्या पुढे करायचे, मी भरायची, आणि भरून झाला तरी ते क्षणभर तसेच उभे राहून आत, डब्यातल्या नीरेकडे बघायचे. आपल्या कुठल्या माडाची असेल ते ओळखायचा प्रयत्न करत असावेत. मला काहीतरी बोलायचं असायचं. मागून कोणीतरी म्हणायचं, "चला हो, पुढे सरका."

बाबा लगेच सरकायचे.